मंडईची रीत

११ जून २०२५

ही वही माझ्या कॉम्प्युटर क्लासच्या हजेरीसाठी आणली होती. आता हिच्यात नीलेश निमजेचं नाव लिहून ठेवते. माझा राग लवकर थंड पडतो असं माय म्हणते. तसा तो पडलाच तर ही वही वाचून पुन्हा तापवता येईल.

झालं ते सरळ लिहिते. नऊ वर्षांपूर्वी त्या मोठ्या कंपनीच्या अ‍ॅपवर मी ‘मोहाडी चौक’ नावाचा ग्रुप काढला. नीलेश शाळेपासूनचा सोबती, घरचा हातमागाच्या कापडाचा धंदा. त्याला मी दुसरा अ‍ॅडमिन केलं. एस.टी. आली की नाही, कोणाची म्हैस हरवली, कोणाला कोणत्या गटाचं रक्त पाहिजे, कोण वारलं आणि माती किती वाजता, सगळं त्या चौकात. पन्नास हजारांवर लोक झाले. मोहाडीत तेवढी माणसंही नाहीत. सुरतला नि पुण्याला कामाला गेलेले तिथूनच गाव पाहायचे.

एप्रिलपासून नीलेशने चौकात एका होतकरू पुढाऱ्याचे फोटो लावायला सुरुवात केली. मी चौकातच लिहिलं की हा ग्रुप गावाचा आहे, कोणाच्या प्रचाराचा नाही. परवा त्याने मला अ‍ॅडमिनपदावरून काढलं. काल माझ्या खात्यावर तक्रारींचा मारा झाला आणि आज सकाळी खातंच बंद. ‘समाजाच्या नियमांविरुद्ध मजकूर.’ कोणता मजकूर, ते सांगत नाहीत. दाद मागितली तर पाण्याचा घोट घेईपर्यंत उत्तर हजर: पुन्हा तपासलं, निर्णय कायम. माणसाने तपासलं असतं तर एवढ्यात त्याला चष्माही सापडला नसता.

खात्याबरोबर मी नऊ वर्षं टाकलेलं सगळं गेलं. आणि बाबांची दंडार गेली. बाबा, म्हणजे डोमा मेश्राम, तहसीलमध्ये शिपाई. वर्षभर खाकीत ताठ, हसणं माहीत नाही. दिवाळीनंतर मंडईची जत्रा आली की मात्र रात्रीच्या दंडारीत, म्हणजे नाचगाण्याच्या खेळात, बाईचं सोंग घेऊन नाचायचे, तेही मायचंच हिरवं लुगडं नेसून. करोनात बाबा गेले. त्यांचा तेवढाच एक व्हिडिओ होता. माझा जुना फोन शेतातल्या बोडीत, म्हणजे तळ्यात, पडला तेव्हापासून तो फक्त चौकातच होता.

मायला सांगितलं, आजपासून या घरात तो चौक कोणी उघडायचा नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही. तिने “हाव” म्हणून होकार दिला.

१४ जून

बाजारात नीलेशची आई दुर्गाबाई वांगी निवडत होती. मला पाहून तिने मान खाली घातली. तिच्या शेजारच्या बाईला मी दिसले नव्हते. ती बोलून गेली, “काहीतरी घाण टाकली असन तिनं, त्याबिगर कोनी बंद करते का?”

एकोणचाळीस वर्षांची बिनलग्नाची बाई. तिने घाण टाकली म्हटलं की पुढचं रचायला लोकांना वेळ लागत नाही. वांगी न घेताच आले. मायने विचारलं तर म्हटलं, किडकी होती.

क्लासमध्ये माझ्याबरोबर शिकवते त्या खुशबूने आज एक संदेश दाखवला. तो गावभर फिरला होता म्हणे: ‘रत्नमालाच्या आयडीवर सगळ्यायनं रिपोर्ट मारा.’ पाठवणारा पुढाऱ्याचा माणूस, नीलेशचा नंबर नव्हता. म्हणून काय झालं? नीलेशने सांगितल्याशिवाय का त्याला माझं नाव माहीत होतं?

माझं नाव माझ्या गावात मी धुऊन काढेन. आणि ज्याने ते मळवलं त्याचं तसंच मळवेन.

२२ जून

कारध्याचा भुपेंद्र आला होता. माझा जुना विद्यार्थी, आता पुलापलीकडे केबल नि इंटरनेटचा धंदा करतो. मी दात-ओठ खात सगळं सांगितलं. तो म्हणाला, “ताई, त्यायच्या घरात राहाल तं ते कवाही भाईर काढतीन. आपलं घर बांधा नं.”

मग त्याने समजावलं. असं सॉफ्टवेअर आहे, फुकट, कोणाच्या बापाच्या मालकीचं नाही. एका गावात एक कॉम्प्युटर सदा चालू ठेवायचा. तो त्या गावाचा चौक. दुसऱ्या गावाचा त्यांच्याकडे. सगळे एकमेकांशी बोलतात, पण कोणी कोणाचा मालक नाही. एक बंद पडला तर बाकीचे चालूच. वर बसून सगळ्यांचं बटण दाबणारा कोणीच नाही.

मला उकळ्या फुटल्या. गावाचं भलं होईल म्हणून नाही. नीलेशच्या चौकातली सगळी माणसं एकेक करून उठून माझ्याकडे येतील आणि तो रिकाम्या चौकात पुढाऱ्याच्या फोटोसमोर बसेल, हे डोळ्यांपुढे आलं म्हणून.

६ जुलै

दोन आठवडे वहीला हात लावला नाही. क्लासमधला जुना कॉम्प्युटर धुऊन-पुसून उभा केला. दिवसातून तीनदा लाइट जाते, इन्व्हर्टर ओरडतो. एकदा सगळं बसवलं आणि उंदराने वायर कुरतडली. उंदराचंही नाव नीलेश ठेवलं आहे.

अडलं तिथे इंटरनेटवर अशी कामं करणाऱ्यांना विचारते. पुण्याचे एक गृहस्थ फार मदत करतात. नाव ‘मंडई’ ठेवणार म्हटलं तर त्यांनी विचारलं, भाज्यांचे भाव टाकणार का? आता यांना काय सांगावं. आमच्याकडे भाऊबीज झाली की प्रत्येक गावाची मंडई, प्रत्येकाचा दिवस वेगळा. आज आमच्या गावी तुम्ही या, परवा तुमच्या गावी आम्ही येतो. दिवसा जत्रा, रात्री दंडार नाहीतर नाटक. दहा गावचे पाहुणे, घरोघरी जेवण. कोणत्याही मंडईचा मुख्य साहेब नसतो. मी त्यांना लिहिलं की तुमचं हे सॉफ्टवेअर म्हणजे आमची मंडईच आहे, तुम्हाला उशिरा सुचली. ते खूश झाले.

२० जुलै

चालू झालं.

भुपेंद्रने कारध्याला आपल्या केबलच्या खोलीत दुसरा बसवला. त्याने तिकडून लिहिलं, ‘ताई, जेवल्या का?’ आणि ते माझ्या कॉम्प्युटरवर उमटलं. मोहाडी ते कारधा, मध्ये कोणाचं दार नाही की चौकीदार नाही. मी लिहिलं, ‘नाही, तुझी वाट पाहत होते.’ डोळ्यांत पाणी आलं, ते कशाने ते लिहीत नाही.

पहिल्या पानावर नियम लिहायचा होता. भुपेंद्रने मोठी यादी काढली होती. मी सगळी खोडून एकच ओळ लिहिली: ‘इथे मंडईची रीत. आलेल्याला कोणी परत धाडत नाही.’ लहानपणापासून हेच पाहिलं आहे. भांडण झालेला चुलताही मंडईच्या दिवशी दारात आला तर पाट मांडायचा, भांडण दुसऱ्या दिवशी. ही ओळ मी मुद्दाम मोठ्या अक्षरांत लिहिली. नीलेश वाचेल आणि त्याला झोंबेल.

१७ ऑगस्ट

मंडईवर एकतीस माणसं. त्यांतली बरीचशी रोज सकाळी गुलाबाच्या फुलावर ‘शुभ सकाळ’ लिहून टाकतात. माझ्या बिचाऱ्या कॉम्प्युटरचं पोट गुलाबांनीच भरत आलं. क्रांती अशी सुरू होते हे कोणी सांगितलं नव्हतं.

खुशबूच्या फोनवरून नीलेशचा चौक पाहिला. आठवड्यातून एकदा पाहते, शत्रू कुठवर आला ते कळलं पाहिजे. तिथे धो धो गर्दी. कोणीतरी विचारलं होतं, रत्नाताई कुठे गेल्या? खाली कोणीतरी हसणारं तोंड टाकलं होतं. नीलेशने काहीच लिहिलं नव्हतं. त्याचं ते काही न लिहिणंच मला जास्त लागलं.

मायचं मात्र बरं चाललं आहे. गेल्या वर्षी तिला फोन घेऊन दिला, आता दुपारी जेवण झालं की आतल्या खोलीत कानाला लावून बसते. आज तिचा हसण्याचा आवाज आला, अगदी पोरीसारखा. मी डोकावले तर फोन उशीखाली घातला. सासू-सुनांच्या मालिका पाहत असेल. बाबा गेल्यापासून ती अशी हसलेली आठवत नाही. पाहू दे.

९ सप्टेंबर

तहसील कार्यालयात क्लासच्या कामाला गेले होते, तिथे नीलेश कसल्याशा दाखल्यासाठी उभा. निळा शर्ट, तोच, कोपराला शिवलेला. वाळला आहे. मला वाटलं होतं तो तोंड फिरवेल, म्हणजे मला बरं वाटलं असतं. त्याने सरळ पाहिलं आणि विचारलं, “काकू बरी आहे नं?”

माझं घर उठवून माझ्या मायची चौकशी करतो. मी उत्तर दिलं नाही. रस्त्याने येताना मात्र चांगली शंभर उत्तरं सुचली, एकाहून एक. ती सगळी इथे लिहिणार होते, आता कंटाळा आला.

३ ऑक्टोबर

काल मायला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर गेले होते. मोहाडी-कारध्याकडची बरीच माणसं. दुपारी मोठ्या कंपनीचं अ‍ॅप त्या गर्दीत कोणाच्याच फोनवर नीट चालेना. आमची मंडई हलकी, ती रांगत का होईना चालत राहिली. कारध्याच्या रुखमिणीबाई चुकल्या होत्या. त्यांच्या सुनेने मंडईवर लिहिलं, पाण्याच्या टाकीजवळ उभ्या असलेल्या आमच्या एका पोरीने ते वाचलं, आणि बाई शेजारीच बसून केळं खात होत्या. सून रडत रडत माझ्या पाया पडायला आली. मी तिला उठवलं.

संध्याकाळपर्यंत चारशेवर माणसं मंडईवर आली. भुपेंद्र म्हणाला, “ताई, आता जमलं. आता त्या नीलेशभाऊले विसरा.”

बसमध्ये मी विचार करत होते की हे सगळं नीलेशने पाहायला पाहिजे होतं. मग लक्षात आलं, त्याने पाहिलं तरी त्याचं काय बिघडलं? त्याचा चौक तसाच आहे. मी आपली शेजारी नवीन झोपडी बांधून आनंदात. गावातल्या बायका अजून मला पाहून आवाज खाली करतात.

१२ ऑक्टोबर

ठरवलं.

ज्या दाराने मला हाकललं त्याच दाराने त्याला हाकलायचं. चौकाचं पान उघडायचं आणि ‘तक्रार’ दाबायचं. कारण निवडायचं. एकाच वेळी पुष्कळ लोकांनी दाबलं की तिकडचं यंत्र विचार करत नाही. त्याला विचार करता येत नाही हे मला स्वतःवरून माहीत आहे.

माणसं कुठून आणायची हा प्रश्न होता. तो मंडईने सोडवला. बचत गटाच्या बायका, क्लासच्या पोरी, मंडईवर माझा शब्द मानणारे. मी त्यांना आमच्याच मंडईवर निरोप पाठवला, इतरांना दिसणार नाही असा. त्या पुढाऱ्याच्या फोटोंचा सगळ्यांनाच वीट आला आहे, फार समजवावं लागलं नाही.

भुपेंद्रला कळलं. तो कारध्याहून गाडी मारत आला. “ताई, हे तं त्यायनंच केलं होतं तुमाले.” मी म्हटलं, म्हणूनच. तो म्हणाला, चौकात लोकांच्या किती गोष्टी आहेत, जन्माच्या, मरणाच्या. मी म्हटलं, माझ्याही होत्या, तेव्हा कोणी मोजल्या? तो चहा न पिता गेला. पोरगा हुशार आहे, पण त्याच्यावर अजून वेळ आलेली नाही.

२४ ऑक्टोबर

भाऊबीज झाली, मंडयांना सुरुवात. लोक या गावाहून त्या गावी. उद्यापासून आमच्या बायका ‘तक्रार’ दाबायला लागतील. मायने बाबांचा फोटो पुसून नवीन हार घातला. पाहिलं तर गुणगुणत होती, बाबांच्या दंडारीतलंच गाणं. म्हटलं, माय, तुला अजून शब्द आठवतात? ती म्हणाली, “आठवतात म्हंजे, रोज तं आयकतो.” मग गडबडून म्हणाली, “मनातल्या मनात.”

२९ ऑक्टोबर

गेला. नीलेशचा चौक गेला.

सकाळी खुशबू पळत आली. तिच्या फोनवर तीच ओळ, जी माझ्या काळजावर कोरली आहे: समाजाच्या नियमांविरुद्ध मजकूर. ग्रुपही गेला आणि त्याचं स्वतःचं खातंही. मी तिच्याकडून फोन घेऊन तीन-चारदा वाचलं. मग बाजारातल्या हलवायाकडून पेढे आणून क्लासमध्ये वाटले. पोरींनी विचारलं, मॅडम कशाचे? म्हटलं, परीक्षा पास झाले.

एवढा आनंद मला आयुष्यात दोन-तीनदाच झाला असेल. लाज वाटायला हवी असं वाटून पाहिलं, पण नाही वाटली.

घरी मायला पेढा दिला. तिने हातात धरून ठेवला. म्हणाली, तिच्या फोनमध्ये काहीतरी झालं आहे, पाहून दे. म्हटलं, उद्या.

३१ ऑक्टोबर

बाजारात आज दुर्गाबाईच्या मागे दोन बायका बोलत होत्या. “काहीतरी घाण टाकली असन नील्यानं.” शब्दही तेच. मी वांगी घेतली, दोन किलो.

मंडईवर लोकांचा लोंढा. रोज शेकड्यांनी. आपला कॉम्प्युटर धापा टाकतो, भुपेंद्रने न बोलता आणखी एक डिस्क आणून लावली. लोक लिहितात, ताई, तुम्ही होत्या म्हणून. कोणी विचारतं, चौकातलं आमचं जुनं सगळं इथे मिळेल का? कोणाच्या बाबांचा शेवटचा फोटो, कोणाच्या मुलीच्या बारशाचा व्हिडिओ. त्यांना मी लिहिते, कंपनीवर विश्वास ठेवला की असंच होतं. हे खरंच आहे.

माय जेवत नाही नीट. वातावरण बदललं आहे.

२ नोव्हेंबर

मंडईवर नाव नोंदवायचा अर्ज आला. नाव: नीलेश निमजे. गाव: मोहाडी. ‘मंडईवर का यायचं आहे?’ या रकान्यात त्याने लिहिलं आहे, ‘रत्नाशी बोलाचं आहे.’

किती वेळ मी नुसती पाहत बसले. मग नामंजूर केलं. बटणाचा आवाज येत नाही, आला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी भुपेंद्रचा फोन. नीलेशने कारध्याला अर्ज केला होता आणि हा त्याला घेणार म्हणतो. मी म्हटलं, घेशील तर मी कारधं तोडेन, तुमच्याकडचं मोहाडीला एक अक्षर दिसणार नाही. तो म्हणाला, “ताई, पयल्या पानावर काय लिवलं आहे ते तुमीच लिवलं होतं नं?” मी फोन ठेवला.

त्याने घेतलं. मी कारधं तोडलं.

५ नोव्हेंबर

आज आमची मंडई. हे शांतपणे लिहायचा प्रयत्न करते.

दुपारी पाहुण्यांची जेवणं चालू होती. मायने वडे तळले होते, स्वतः मात्र एकही खाल्ला नाही. फाटकाशी कोणी उभं. नीलेश. दर मंडईला तो आमच्याकडे जेवायला असायचा, बाबा असताना आणि नंतरही. बाबांच्या शेवटच्या दंडारीला तर माझ्या शेजारीच उभा होता, फोन वर धरून, आणि दोघंही हसून हसून पार वाकलो होतो. आता फाटकाशी उभा, आत यायला पाऊल उचललेलं.

मायने त्याला पाहिलं आणि घाईने ताट घेतलं. मी तिच्या हातातून ताट काढून खाली ठेवलं आणि फाटकापर्यंत गेले. तो म्हणाला, “मले काकूनं फोन केला होता. आयक तं खरं.” मी म्हटलं, माझ्या मायच्या नावाने खोटं बोलू नको. आणि फाटक लावलं. कडी घातली. पाहुणे बघत होते, ओसरीवरचे जेवता जेवता थांबले. तो थोडा वेळ उभा राहिला नि गेला.

माय एवढंच म्हणाली, “मंडईच्या दिसी, रत्ना.” मग आत जाऊन निजली. रात्री दंडारीलाही आली नाही. मी गेले, पुढच्या ओळीत बसले, लोकांनी जागा करून दिली. लोक आता मला जागा करून देतात. एक माणूस हिरवं लुगडं नेसून आला तेव्हा मी उठून घरी आले.

९ नोव्हेंबर

आज रविवार, क्लास नाही. मायने चौथ्यांदा की पाचव्यांदा फोन पुढे केला. “याच्यात येतच नाही, पायनं वो माय.” रागावून घेतला.

फोनमध्ये मालिका नव्हत्या. एकच खूण केलेली होती, पडद्याच्या मधोमध, खुशबूने लावून दिलेली. ती दाबली की मोहाडी चौकातलं एक पान उघडायचं. आता तिथे ती ओळ होती. समाजाच्या नियमांविरुद्ध मजकूर.

मी विचारलं, इथे काय होतं? मायने पदराने तोंड पुसलं. म्हणाली, “तुया बाबाची दंडार. नील्याच्या आयडीवर होती नं ते, त्यानंच काढली होती. तुयं बंद झालं, पण ते चालूच होती. तू नाव घेऊ नको म्हनली म्हून सांगतलं नाही. दुपारी पाहात होतो.”

मला वाटत होतं, चौकात ती मीच टाकली होती आणि माझ्याबरोबर जूनमध्येच गेली. ती पाच महिने माझ्या घरात, भिंतीपलीकडे, रोज दुपारी नाचत होती.

मी चपला घालून निमजेंच्या घरी गेले. किती दिवसांनी त्या गल्लीत पाय ठेवला. दुर्गाबाईने दार उघडलं आणि बाजूला झाली. पाटही मांडला. मी बसले नाही. नीलेशला विचारलं, व्हिडिओ दुसरीकडे कुठे ठेवला आहे? जुन्या फोनमध्ये, पेनड्राइव्हमध्ये?

तो म्हणाला, “तो फोन कवाचाच मोडीत देल्ला. चौकात होता नं. तिथून कुठं जाते म्हनलं.” मायने त्याला चौक बंद झाला त्याच दिवशी फोन केला होता. तो रोज कंपनीला लिहितो आहे. त्याला रोज तेच उत्तर येतं, पाण्याचा घोट घेईपर्यंत.

मग म्हणाला, “अ‍ॅडमिनवरून तुले मी काढलं. पुढाऱ्याचे लोक माया उरावर बसले होते, मी भेलो. रिपोर्ट मी नाही सांगतला, तू मान का नको मानू. ते तुयं उरलंसुरलं पुसा म्हणे, मी नाही पुसलं. काकाचा व्हिडिओ तं हातही लावू नाही देल्ला.”

मी जायला वळले. तो हळूच म्हणाला, “चौक कोनं बंद केला ते मले माईत आहे. काकूले नाही सांगतलं मी.”

तो खोटं बोलत असता तर किती सोपं झालं असतं. अजूनही वाटतं, बोलत असावा. या वहीचं पहिलं पान काढून वाचलं, तापतं का पाहायला. वाचून झालं. परत वाचलं.

येऊन कारधं जोडलं. नीलेशचा अर्ज मंजूर केला. तो अजून आला नाही. भुपेंद्रने लिहिलं, ‘ताई, जेवल्या का?’ त्याला काय लिहू.

दिवे लागले तरी माय ओसरीवरच होती, फोन मांडीवर. मी शेजारी बसले. म्हटलं, व्हिडिओ नाही मिळत आता, कंपनीने काढून टाकला. ती म्हणाली, “कंपनीले काय माईत माया मानूस? कोनीतरी सांगतलंच असन तिले. तुयं बंद झालं तवा सांगतलंच होतं नं कोनी.”

मी तिच्या मांडीवरच्या फोनचा पडदा विझवला.

“एकडाव करोनानं नेलं, दुसऱ्यांदा यायनं नेलं. ज्यानं केलं त्याचं वाटोळं होवो.” तिचा आवाज चढला नव्हता. माझी माय कोणाला शिव्याशाप देत नाही, मी कधी ऐकले नाहीत. तिने माझा हात धरला. “तुले येते नं हे सारं. तू नील्यामागं लागली होती तशी याच्यामागं लाग. शोध त्याले, रत्ना. अन् सोडू नको.”

मी “हाव” म्हटलं.